जपानी गिऱ्हाईक वाढले, हवाईचा वाटा घटला

धंद्यात गल्ला मोजून भागत नाही. पेठेत आलेल्या गिऱ्हाइकांपैकी किती जण आपल्या दुकानाची पायरी चढले, हेही पाहावे लागते. हवाई बेटे आणि जपानी पर्यटक ही याची चांगली मिसाल आहे.

जपानने १९६४ साली आपल्या लोकांना सहलीसाठी परदेशी जाण्याची मोकळीक दिली. १९८५ च्या प्लाझा करारानंतर येन वधारला आणि १९९० साली परदेशी जाणारे जपानी एक कोटीवर गेले. घरच्यांसाठी व कचेरीतल्या मंडळींसाठी भेटवस्तू नेण्याचा त्यांचा रिवाज. त्यामुळे होनोलुलूची वायकिकी पेठ त्यांच्या खरेदीने फुलली.

१९९७ साली १ कोटी ६८ लाख जपानी परदेशी गेले. त्यांपैकी २१ लाखांहून अधिक हवाईत उतरले, म्हणजे शंभरात तेरा. २०१९ साली परदेशी जाणारे दोन कोटींवर गेले, पण हवाईत आले सुमारे १६ लाख, म्हणजे शंभरात आठ.

याचा दोष येनवर टाकणे रास्त नाही. २०१९ साली जपान्याला डॉलर १९९७ पेक्षा स्वस्तच पडत होता. खरे कारण असे की, सोल आणि तैपेई या जवळच्या पेठा पुढे आल्या. टोकियोहून सोल अडीच तासांवर, तर होनोलुलू सात तासांवर. शिवाय ज्या नामांकित मालासाठी हवाई गाठायचे, तो टोकियोतच मिळू लागला.

येनचा फटका नंतर बसला. एप्रिल १९९५ मध्ये ८० येनांना असलेला डॉलर जुलै २०२४ मध्ये १६० येनांवर गेला. पन्नास डॉलरचा हवाई शर्ट ४००० येनांऐवजी ८००० येनांना पडू लागला. २०२४ साली १ कोटी ३० लाख जपानी परदेशी गेले. हवाईत सुमारे ७ लाख २० हजार आले, दक्षिण कोरियात ३२ लाख.

हवाईचे पर्यटन मात्र बुडाले नाही. २०१९ साली तिथे एक कोटीहून अधिक पाहुणे आले, त्यांत बहुतेक अमेरिकनच. मार बसला तो फक्त जपानी गिऱ्हाइकाच्या भरवशावर बसलेल्या दुकानदाराला. बावीस वर्षांत वाटा बराच घसरला होता. हिशेब पाहणाऱ्याला तो दिसला असता.

व्यापारी व कारीगर बांधवांनी यातून एवढेच घ्यावे: एकाच गिऱ्हाइकावर दुकान चालत असेल, तर तो आणखी कुठे खरेदी करतो याची खबर ठेवा. दुसरे गिऱ्हाईक जोडायचे ते तेजीच्या दिवसांतच. मंदीत त्याला उशीर झालेला असतो.