शून्य ते शंभर कोणासाठी?

मी सरकारी कारकून. खरेदीच्या टेबलावर माझी सतरा वर्षे गेली, आणि त्यातली निम्मी एकाच कागदावर गेली असतील : तुलनात्मक तक्ता. कोटेशन्स आली की रकाने आखायचे, आकडे भरायचे, खाली सही करून फाइल वर पाठवायची. बी.ए.ला तीन वर्षे साहित्य वाचून जे कळले नाही ते या तक्त्याने शिकवले. निकाल आकड्यांत नसतो, रकान्यांत असतो. झेरॉक्स मशीन घेताना "मिनिटाला किती प्रती" असा रकाना घातला की एक मशीन येते, "टोनर केवढ्याला" असा घातला की दुसरे. आकडे दोन्हीकडे खरेच.

त्यामुळे रविवारच्या पुरवणीत आलिशान सेडान गाड्यांची तुलना छापून आली की मी आधी रकाने बघतो. आणि चिडतो.

एका बाजूला मर्सिडीझची एस-क्लास, दुसरीकडे बीएमडब्ल्यूची सेव्हन सीरिज. रकाने ठरलेले : शून्य ते शंभर किती सेकंदांत, हॉर्सपॉवर किती, स्पीकर किती, पडदा किती इंची. मग शेवटी एकीला अर्धा तारा जास्त. अहो, पण ही गाडी घेणारा माणूस ती चालवतो कुठे? तो मागे डावीकडे बसतो. शून्य ते शंभर पाच सेकंदांत गेली तर त्याच्या हातातला चहा शर्टावर सांडेल, एवढाच त्याचा त्या आकड्याशी संबंध. जो चालवतो त्याला तेवढ्या वेगाने पळवायची परवानगी नाही. मग हा रकाना कोणासाठी? दोन दिवस फुकट गाडी मिळालेल्या लेखकासाठी.

माझे मामा डिचोलीचे. सव्वीस वर्षे एका खाणमालकाचे ड्रायव्हर होते. २०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा पगार निम्मा झाला, २०१८ साली पुन्हा बंद झाल्या तेव्हा नोकरीच गेली. त्या सव्वीस वर्षांत चार आलिशान गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्या. पात्रांव मागे झोपायचे. मामांच्या लेखी चांगल्या गाडीची व्याख्या एकच : सांकवाळपासून पणजीपर्यंत पात्रांवाची झोप मोडता कामा नये. ब्रेक असा लागला पाहिजे की गाडी थांबल्याचे मागच्याला कळू नये. गतिरोधकावर पोट घासता कामा नये. लग्नाच्या हॉलबाहेर चार तास बसायचे तर पुढच्या सीटवर कंबर धरता कामा नये. यातला एकही रकाना मी आजवर पुरवणीत पाहिलेला नाही.

त्यांची आवडती गाडी म्हणजे मुंबईहून जुनी आणलेली, १९९१ साली जगात आलेल्या पिढीची एस-क्लास. खिडक्यांना दुहेरी काचा, दरवाजे तिजोरीसारखे. पण मामा सांगतात ते वेगळेच. रिव्हर्स टाकला की मागच्या दोन्ही कोपऱ्यांतून बोटाएवढ्या जाडीच्या दोन काड्या वर यायच्या, गाडी कुठे संपते ते दाखवायला. ना कॅमेरा, ना पिप्-पिप्. "ती काडी ज्यान्ने केली ना, तो ड्रायव्हरासोबत बसलेला असणार," असे मामा म्हणतात. पुढे १९९५ च्या सुमारास काड्या गेल्या आणि त्यांच्या जागी सेन्सर आले.

त्याच काळातली खरी लढत म्हणजे ही एस-क्लास आणि लेक्सस एलएस ४००. टोयोटाने १९८३ साली काम सुरू केले आणि १९८९ साली ती अमेरिकेत आणली, जर्मन गाड्यांहून बऱ्याच कमी किमतीत. तिची जाहिरात प्रसिद्धच आहे : बॉनेटवर शॅम्पेनच्या ग्लासांचा मनोरा, चाके रोलरवर भरधाव, ग्लास जागच्या जागी. लोकांना जाहिरात आठवते. मला आठवतो त्याच वर्षीचा डिसेंबर. दोन-तीन तक्रारी आल्या आणि कंपनीने विकलेल्या सुमारे आठ हजार गाड्या परत बोलावल्या. बोलावल्या म्हणजे काय, माणसे घरी जाऊन गाड्या घेऊन आली, दुरुस्त केल्या, धुतल्या, टाकी भरून परत नेऊन ठेवल्या. जर्मनांना घाम फुटला तो ग्लासांमुळे जेवढा, तेवढाच या टाकीमुळे. आता सांगा, "बिघडल्यावर काय होते" हा रकाना आपल्या तुलनांत कुठे आहे? मामांच्या शेवटच्या गाडीचे एअर सस्पेन्शन एका पावसाळ्यात बसले. ती ट्रकवर चढवून गोव्याबाहेर नेली आणि सुटा भाग येईपर्यंत सात आठवडे लागले. कंपनीचे नाव घेत नाही. त्या गाडीला पुरवणीत साडेचार तारे होते, ते कात्रण मामांकडे आजही आहे.

आणि हे पडदे! २००१ साली बीएमडब्ल्यूने सेव्हन सीरिजमध्ये आयड्राइव्ह नावाची एक गोल खुंटी आणली आणि साधा रेडिओ लावायला मेनूत शिरावे लागू लागले. तेव्हा जगभर आरडाओरडा झाला होता. आज तोच प्रकार सद्गुण झाला आहे. २०२० सालच्या एस-क्लासमध्ये आधीपेक्षा सत्तावीस बटणे कमी, हे कंपनीनेच कौतुकाने सांगितले. २०२२ सालच्या सेव्हन सीरिजमध्ये मागच्यांसाठी छतातून ३१.३ इंचांचा पडदा खाली येतो. तो आला की ड्रायव्हरच्या आतल्या आरशात मागचा रस्ता दिसायचा बंद! मालकाला पाय पसरायचे असतील तर पुढची डावी सीट पुढे ढकलायची, मग डावा आरसाही अर्धा झाकला जाऊ शकतो. म्हणजे मागे सिनेमा आणि पुढे अंदाजपंचे. याला पुरवणीवाले "सर्वोत्तम रिअर सीट अनुभव" म्हणतात. हे मराठी आहे का, हा प्रश्न वेगळा. इंग्रजी ब्रोशर समोर ठेवून केलेला अनुवाद चार ओळींत ओळखू येतो.

नव्या गाड्यांत काहीच चांगले नाही असे मी म्हणत नाही. एस-क्लासची मागची चाके आता दहा अंशांपर्यंत वळू शकतात, त्यामुळे सव्वापाच मीटरहून लांब गाडी अकरा मीटरच्या आत फिरते. आमच्या वाड्यावरच्या वाटांवर हा एक आकडा साऱ्या हॉर्सपॉवरपेक्षा मोलाचा. पण तो छापतात कुठे? तळटीपेत.

किमतीच्या रकान्यातही गंमत आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा पेट्रोल सेडानवर जीएसटी ४० टक्के. तीच गाडी विजेवरची घेतली तर ५ टक्के, हा दर २०१९ पासून आहे. माझ्यासारखा कारकून पेट्रोलची स्कूटर घेईल तर १८ टक्के. दोन कोटींच्या गाडीवर पाच आणि स्कूटरवर अठरा! तुलनेत याचा उल्लेख "विजेची आवृत्ती करात फायदेशीर" एवढाच. कोणाच्या करात, हे विचारायचे नाही.

कोणी म्हणेल, तुला काय करायचे आहे, तू कुठे घेणार आहेस? बरोबर. मी घेणार नाही. पण पुरवणी वाचणाऱ्या शंभरांतला एकही घेणार नसतो, आणि गाडी चालवून पोट भरणारे त्या शंभरांत चार-पाच तरी निघतील. तुलना त्यांच्यासाठी लिहिली तर कागद वाया जाणार नाही. शिवाय २०२१ पासून ही एस-क्लास आपल्या चाकणला जुळवली जाते; जिचे बोल्ट मराठी हात आवळतात, तिच्याबद्दल मराठीत दोन खऱ्या ओळी यायला काय हरकत आहे?

म्हणून पुरवणीच्या संपादकांना एक सुचवणी. पुढच्या वेळी दोन गाड्या आणल्यात की लेखकाला मागे बसवा आणि पुढे एखादा जुना ड्रायव्हर द्या. सांकवाळ ते डिचोली, जुलै महिन्यात. रकाने त्यालाच आखू द्या, आकडे मी भरून देईन. आमचे मामा मोकळेच आहेत. फक्त दुपारी दोन ते चार फोन करू नका.