पदपथावरच्या माणसाला पत्ता हवा

थंडी पडू लागली की आपल्या शहरांतून चादरी वाटण्याचे कार्यक्रम सुरू होतात. स्टेशनबाहेर वा उड्डाणपुलाखाली निजलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण पडते, छायाचित्र निघते आणि देणारा समाधानाने घरी जातो. या दानाची टवाळी करण्याचे कारण नाही. नाशिक-पुण्याच्या डिसेंबरात उघड्यावर निजणाऱ्याला चादरीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. परंतु सकाळी ती चादर ठेवायची कोठे, हा प्रश्न देणाऱ्याला सहसा पडत नाही.

२०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री देशभरातील बेघरांची मोजणी झाली. संख्या सतरा लाखांवर गेली. त्यांपैकी दोन लाखांहून अधिक महाराष्ट्रात आणि सुमारे ५७ हजार बृहन्मुंबईत होते. एका रात्रीत ही मोजदाद कितपत पुरी झाली असेल, हे प्रगणकाचे काम केलेल्या शिक्षकांना अधिक ठाऊक!

ही माणसे म्हणजे भिकारी, असा आपला सोयीस्कर समज आहे. उपजीविकेचे साधन दिसत नाही अशा अवस्थेत सार्वजनिक जागी वावरणाऱ्यालाही भिकाऱ्यांत गणण्याची सोय १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने करून ठेवली, हेही त्या समजाला पोषकच ठरले. वास्तविक यांतील कितीतरी माणसे राबून खाणारी आहेत. कोणी बाजारात हमाली करतो, कोणी पहाटे नाक्यावर मजुरीसाठी उभा राहतो, कोणी लग्नसराईत भांडी घासते. काम जेथे पहाटे मिळते तेथेच रात्र काढणे त्यांना भाग असते. शहराच्या टोकाला बांधलेला निवारा त्यांच्या उपयोगी पडत नाही तो यामुळे.

निवाऱ्यांचा हिशेबही फारसा उत्साहवर्धक नाही. दर लाख लोकवस्तीमागे शंभर जणांची सोय, असे प्रमाण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० मधील आदेशांनी आणि पुढे २०१३ च्या केंद्रीय योजनेने घालून दिले. मुंबईची २०११ मधील लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख. म्हणजे हे प्रमाण तंतोतंत पाळले तरी साडेबारा हजारांच्या आतच माणसे छपराखाली येतील आणि चाळीस हजारांहून अधिक बाहेरच राहतील.

तेव्हा निवारे वाढवा, अशी मागणी केलीच पाहिजे. मात्र तोवर तुम्हा-आम्हाला करता येण्याजोगे एक काम आहे आणि त्याला पैसा लागत नाही. ते काम कागदाचे आहे. बेघर माणसाला छपराइतकीच नड आहे ती नोंदीची. शिधापत्रिका, बँकेचे खाते, शाळेचा दाखला, जेथे जावे तेथे पहिला प्रश्न पत्त्याचा.

नोंदीला केवढे वजन असते हे १९८५ च्या निकालाने दाखविले आहे. जुलै १९८१ मध्ये, बॅ. अंतुले मुख्यमंत्री असताना, मुंबईचे पदपथवासी भर पावसाळ्यात हुसकून लावण्याचा निर्णय झाला. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही पदपथवासी सर्वोच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने १० जुलै १९८५ रोजी उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे मान्य केले; पण पदपथावर राहण्याचा हक्क मात्र मान्य केला नाही. पर्यायी जागा द्यावी असे न्यायालयाने ज्यांच्याबाबत म्हटले, ते पदपथवासी कोण? तर १९७६ च्या गणनेत ज्यांची नोंद झाली होती, ते. एका वहीत नाव असणे आणि नसणे यांत एवढे अंतर पडले.

आता या वह्या असतात कोणाच्या हाती? शिक्षकांच्या आणि कारकुनांच्या. मतदार नोंदणीचेच उदाहरण घ्या. बेघराने अर्ज क्रमांक ६ भरला तर त्याच्याकडे पत्त्याचा पुरावा मागायचा नाही. मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री त्या जागी जाऊन तो खरोखर तेथे निजतो काय हे पाहायचे, अशी निवडणूक आयोगाची कार्यपद्धती आहे. हा अधिकारी म्हणजे बहुधा एखादा शिक्षक किंवा कचेरीतील लिपिक. दिवसभर शाळा करून रात्री उड्डाणपुलाखाली जायचे, हे सुखाचे काम नव्हे आणि त्याबद्दलची त्यांची कुरकूर अगदीच अनाठायी आहे असेही म्हणवत नाही. तरीही ती फेरी चुकली की एक माणूस यादीबाहेर राहतो.

शाळेचे तसेच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या चौदाव्या कलमाप्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. दुसऱ्या शाळेचा दाखला यायचा आहे, ही सबबही चालत नाही. आणि उशिरा आलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवून त्याची तयारी करून घ्यायची आहे. असे असूनही पदपथावरून पोराला घेऊन आलेल्या आईला ‘कागद घेऊन या’ एवढेच सांगून परत पाठविणे सोपे जाते, कारण ती पुन्हा येत नाही आणि तक्रारही करीत नाही.

विद्यार्थ्यांनाही येथे वाव आहे. राष्ट्रीय सेवा योजनेची पथके १९६९ पासून श्रमदानाची शिबिरे भरवीत आली आहेत. त्यांतील एखाद्या पथकाने महाविद्यालयाजवळच्या पदपथावर चार संध्याकाळी बसून अर्ज भरून द्यावेत, शिधावाटप कार्यालयापर्यंत त्या माणसांबरोबर जावे. एकट्या हमालाला खिडकीवरून जे उत्तर मिळते ते बरोबर एखादा पदवीधर असला की बदलते, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

अशा नोंदींमुळे पदपथ कायमचे बळकावले जातील, अशी भीती काही सद्‌गृहस्थ घालतात. मतदारयादीतील नावाने कोणी जमिनीचा मालक झाल्याचे ऐकिवात नाही. मात्र पथक येऊन संसार उचलून नेते, त्या दिवशी नोटीस कोणाच्या नावे काढायची, हे ठरविण्यासाठी तरी ते नाव कोठेतरी लिहिलेले असावे लागते.