दामलेमामा आणि साहेबमामा

गेल्या रविवारी आमच्या नावड्याच्या घरी पंगत उठता उठता एक वाद निघाला. पुतण्या चित्रपटांचा मोठा अभ्यासू. डी सिका या इटालियन दिग्दर्शकाने १९४८ साली ‘बायसिकल थीव्ज’मध्ये कारखान्यातील एका कामगारास नायक केले, दारिद्र्याचे खरे दर्शन पडद्यावर घडविले ते इटलीनेच, असे त्याचे म्हणणे. आमच्या वडील वहिनींनी ताटे उचलता उचलता एवढेच विचारले, “अरे, तू जिजाई पाहिली आहेस का?”

त्याने पाहिली नव्हती! दोष त्याचा एकट्याचा नव्हे. ज्या विष्णुपंत दामल्यांनी ती जिजाई पडद्यावर आणली, ते १८९२ साली येथून पनवेलमार्गे सहज गाठता येणाऱ्या पेणेस जन्मले, हे आपल्या या भागात तरी कितीजणांस ठाऊक आहे?

कोल्हापुरास बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामल्यांची उमेदवारी झाली. तेथेच कागलच्या शेख फत्तेलाल यांच्याशी त्यांचा स्नेह जडला. एक दामलेमामा, दुसरे साहेबमामा. उभयतांनी १९२८ साली ‘महारथी कर्ण’ हा मूकपट दिग्दर्शित केला. पुढल्याच वर्षी शांताराम, धायबर व कुलकर्णी यांच्यासह ‘प्रभात’ काढली. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटाचे ध्वनिमुद्रणही दामल्यांचेच. पडदे रंगविणाऱ्या हातांनी नव्या यंत्राची विद्या आपलीशी केली, याचे आम्हांस फार कौतुक वाटते.

१९३६ चा ‘संत तुकाराम’ हा या जोडीचा कळस. तुकोबा झाले रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे विष्णुपंत पागनीस. शांताराम आठवल्यांनी त्यासाठी रचलेला अभंग इतका अस्सल उतरला की, तो गाथ्यात कोठे आहे, याचा शोध जाणत्यांनीही घेतला. चित्रपट मुंबईस वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट-महोत्सवात त्याचा गौरव झाला. म्हणजे डी सिकाच्या आधी अकरा वर्षे खुद्द इटलीने देहूचा संसार पाहिला होता!

रात्री आम्ही सर्वांनी मिळून तो चित्रपट पाहिला. शेवटचे विमान पाहून मुले हसली. ते आम्हांसही थोडे थिटेच वाटते. पण आजारी पोर घेऊन, हाती पायतण घेऊन जिजाई देवळात पांडुरंगास जाब विचारावयास जाते, तेथे पुतण्या सरसावून बसला. तिच्या त्रागा करण्यात चेष्टा नाही; पोरांच्या पोटाची काळजी आहे. नवरा वैकुंठास निघाला तरी ती घर सोडीत नाही. भक्ताची थोरवी गाताना त्याच्या बायकोची भूक न विसरणे, हीच या जोडीची खरी दिग्दर्शनकला, असे आमचे मत.

दामले १९४५ साली पुण्यास वारले. फत्तेलाल १९६४ साली. ‘प्रभात’च्या पुण्यातील वास्तूत १९६० पासून चित्रपटकलेचे शिक्षण दिले जाते. पुतण्याने आता ‘गोपाळकृष्ण’ व ‘संत ज्ञानेश्वर’ शोधून ठेविले आहेत. गणपतीची मूर्ती ठरवावयास यंदा पेणेस आपणच जाणार, असेही त्याने वहिनींस सांगून टाकिले आहे.