वाघोबाच्या वाटेवर महामार्ग

डहाणू-तलासरीच्या वारली वनवाशाने वाघ आणि बिबट्या यांत फारसा भेद कधी केला नाही. दोघेही त्याचे वाघोबाच. लाकडावर किंवा दगडावर कोरलेला, शेंदराने माखलेला, डोक्यावर चंद्र-सूर्य असलेला हा देव रानाच्या कडेला उभा असतो. आश्विन वद्य द्वादशीला, वाघबारशीला, त्याची पूजा होते. तू तुझ्या वाटेने जा, आमच्या गुरांना सांभाळ, एवढेच त्याच्याकडे मागणे असते. वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन सोसायटीच्या भारतीय शाखेतील अभ्यासकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतील वाघोबाची १५० स्थाने नोंदवली आहेत. शहरी वाचकाने या नोंदीचे कौतुक केले आणि पान उलटले. महामार्गाचे आराखडे आखणाऱ्यांच्या टेबलावर ती कधी ठेवली गेली का, हा खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न उधव्यासारख्या गावी विशेष टोचतो. तलासरी तालुक्याच्या या भागात पूर्वेला डोंगर आणि दादरा-नगर हवेलीची सीमा, तर पश्चिमेला समुद्रकाठची सपाटी. रानातल्या जनावराची वाट डोंगराकडून सखल भागाकडे, तर आधुनिक भारताची प्रत्येक वाट उत्तर-दक्षिण. पश्चिम रेल्वे आणि राष्ट्रीय महामार्ग ४८ या जुन्या वाटा. त्यांच्या जोडीला मालगाड्यांची स्वतंत्र मार्गिका, मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन आणि दिल्ली-मुंबई द्रुतगती महामार्गाची बडोदे-मुंबई शाखा आली. या शाखेचा गंजाड ते तलासरी हा एक स्वतंत्र टप्पाच आहे. पंतप्रधानांनी ३० ऑगस्ट २०२४ रोजी ज्याची पायाभरणी केली, त्या वाढवण बंदराला महामार्गांच्या जाळ्याशी जोडणारा ३२ किलोमीटरचा रस्ताही याच जिल्ह्यातून जायचा आहे. दोन तालुक्यांच्या चिंचोळ्या पट्ट्यात एवढ्या रेघा क्वचितच कुठे ओढल्या गेल्या असतील.

रस्ते नकोत, असे कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. प्रश्न रस्त्याच्या पोटाखालून काय जाते, याचा आहे.

‘आजोबा’ या बिबट्याची कथा या संदर्भात आठवावी. २००९ साली पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या या नराला बाहेर काढून, गळ्यात उपग्रहाशी जोडलेला पट्टा घालून माळशेज घाटात सोडण्यात आले. महिन्याभराच्या आत सुमारे १२० किलोमीटर चालून तो बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. वाटेत मुंबई-आग्रा महामार्ग आणि कसाऱ्याचे रेल्वेरूळ त्याने ओलांडले, आणि कुणाही माणसाच्या अंगाला नख लावले नाही. डिसेंबर २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर एका वाहनाच्या धडकेने त्याचा अंत झाला. हाच महामार्ग पुढे चारोटी, दापचरी करीत तलासरीला येतो. त्याच्यावर चित्रपट निघाला, रस्त्याखाली भुयार काढावे असे मात्र कुणाला सुचले नाही.

जुन्या महामार्गावर निदान रात्री दोनच्या सुमारास धावत सुटण्याची संधी तरी होती. नवा द्रुतगती महामार्ग ताशी १२० किलोमीटर वेगासाठी बांधला जातो, भरावावर चढतो आणि दोन्ही बाजूंनी बंदिस्त असतो. तिथे वाट ठेवली तरच वाट, नाहीतर भिंत. वाट ठेवायची म्हणजे पाणी वाहून नेण्यासाठी बांधलेल्या मोरीलाच ‘वन्यजीव मार्ग’ अशी पाटी लावायची, हा मोह आपल्या यंत्रणेला फार सोयीचा वाटतो. कोरड्या प्रदेशात ही चलाखी थोडीफार खपेल. उत्तर कोकणात जून ते सप्टेंबर मोरीतून लोंढा वाहतो, तिथून बिबट्या जाणार कसा? मोरीच्या आत पाण्याच्या वर एक कोरडा ओटा काढला, तर लहान जनावरांची सोय होते. सांबर-भेकरांना मात्र पलीकडचा उजेड दिसेल असे रुंद, उंच भुयारच लागते. जनावराला त्या तोंडापर्यंत नेणारे कुंपण नसेल, तर तेही फुकट.

हे सारे या देशात जमलेले आहे. पेंचच्या रानातून जाणाऱ्या नागपूर-जबलपूर महामार्गाचा वाद वर्षानुवर्षे न्यायालयांत गाजला आणि अखेर तिथे जनावरांसाठी भुयारे आणि पूल मिळून ९ बांधकामे झाली. त्यांतली काही तब्बल ७५० मीटर लांबीची आहेत. भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांनी २०१९ साली त्यांखालून जाणारे १८ जातींचे वन्यप्राणी टिपले, त्यांत ११ वेगवेगळे वाघ होते. मग जे विदर्भात शक्य झाले, ते पालघरला का नाही?

उत्तर कायद्यात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २००६ ची दुरुस्ती व्याघ्रप्रकल्पांना परस्परांशी जोडणाऱ्या भूभागाला संरक्षण देते. डहाणू-तलासरीत व्याघ्रप्रकल्प नाही. इथला बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे त्याला मारणे गंभीर गुन्हा. त्याची वाट मारणे मात्र विकास!

आता कैवाऱ्यांकडे पाहू. डहाणू तालुका २० जून १९९१ रोजी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला. तेव्हापासून इथे याचिकांची उणीव कधी पडली नाही. परंतु प्रकल्प थांबवा एवढीच मागणी आणि ती फेटाळली गेली की घरी, हा शिरस्ता. आराखड्यात भुयार कुठे, किती रुंद, यावर भांडायला कोण थांबते? लाल बावट्याने या तालुक्यांत दशकानुदशके वनवाशांच्या नावाने राजकारण केले. त्याच्या मोर्च्यांत जमिनीच्या मोबदल्याचा आकडा असतो, वाघोबा नसतो. देव मानणाऱ्याचा देवच ज्यांना अंधश्रद्धा वाटतो, त्यांना त्याची वाट कशी दिसणार? गंमत अशी की, ज्या बुलेट ट्रेनविरुद्ध सर्वाधिक गदारोळ झाला, तिचा बहुतेक मार्ग खांबांवरून जातो आणि तिच्याखालून जनावर निवांत जाऊ शकते. अडथळा आहे तो भरावावरच्या रस्त्याचा.

काम करायचे ते गावातूनच. डहाणू आणि तलासरी पाचव्या अनुसूचीत आहेत, आणि वनहक्क कायद्याच्या पाचव्या कलमाने वन्यजीवांच्या रक्षणाचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. तो बहुतेक ठिकाणी कागदावर पडून आहे. माधवराव काणे यांनी ज्यासाठी आयुष्य वेचले, त्या तलासरीच्या वनवासी कल्याण केंद्रातून शिकून गेलेले तरुण पाड्यापाड्यांवर आहेत. त्यांनी जाणत्यांना आणि गुराख्यांना सोबत घेऊन वाघोबाची स्थाने, पाणवठे, जनावर रस्ता ओलांडते त्या जागा गावाच्या नकाशावर मांडाव्यात. ग्रामसभेच्या ठरावासह तो नकाशा महामार्ग प्राधिकरण आणि वनखाते या दोघांकडे द्यावा. एकट्या वनखात्याकडे दिला, तर तो कपाटात जाईल. मागणी नेमकी असावी: प्रत्येक मोरीत कोरडा ओटा, नकाशावरच्या जागी रुंद भुयार, दोन्ही अंगांना कुंपण आणि पहिली पाच वर्षे कॅमेऱ्याने नोंद. वाढवणच्या जोडरस्त्यासाठी तर ही मागणी भराव पडण्याआधीच जायला हवी. भराव पडल्यावर भुयार काढणे किती महाग पडते, ते कुठलाही कंत्राटदार सांगेल.