युरोपचा फुटबॉल : माल घ्या, पण पक्क्या बिलावर

आमचा धंदा कापडाचा. दिग्रसच्या बाजारात वडिलांच्या वेळेपासून दुकान आहे. सुरतेच्या साड्या, भिवंडीचे कापड, इचलकरंजीचे पॉपलीन, हाच आमचा रोजचा विषय. तेव्हा व्यापाराच्या पानावर आम्ही फुटबॉलबद्दल लिहावे याचे वाचकांना नवल वाटेल. पण गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्याच घरातील मुलांच्या हातून जो व्यवहार झाला, तो पाहता हा प्रश्न खेळाचा कमी आणि तिजारतीचा जास्त आहे, अशी आमची खात्री झाली आहे.

फुटबॉलचा शौक विदर्भाला नवा नाही. कामठीत हातमागही चालला आणि फुटबॉलही रुजला. तेथील रब्बानी क्लबचे नाव नागपूरच्या मैदानावर सर्वांच्या परिचयाचे आहे. १९८६ मध्ये मॅराडोनाचा विश्वचषक दूरदर्शनवर आला तेव्हा आम्ही उर्दू शाळेत शिकत होतो. मोहल्ल्यात एकाच घरी टीव्ही. खिडकीतून डोकावून पाहिलेले ते सामने आजही आठवतात. मग १८ डिसेंबर २०२२ रोजी अर्जेंटिना व फ्रान्स यांचा अंतिम सामना जिओसिनेमाने मोबाइलवर फुकट दाखवला. त्या रात्री आमच्या दुकानातील पांढऱ्या लठ्ठ्याचा ताका फाडून मुलांनी गल्लीत पडदा बांधला. सारा मोहल्ला जमला. कोणाकडून एक पैसा घेतला नाही.

पुढची गोष्ट मात्र पैशाची आहे. आमच्या धाकट्या चिरंजीवांनी दुकानालगतच्या गाळ्यात चहाचे हॉटेल काढले. शनिवारी-रविवारी रात्री इंग्लंड-स्पेनचे सामने दाखवायचे आणि माणशी २० रुपये घ्यायचे, चहा त्यातच. गर्दी झाली, गल्ला भरू लागला. आम्ही विचारले, "हा माल आणतोस कुठून?" उत्तर आले, "अब्बा, एका माणसाकडून डबा घेतला आहे. जगातले सगळे चॅनल दिसतात, वर्षाचे पैसे एकदम दिले." बिल विचारले तर बिल नाही. तीन महिने डबा चालला. एका रात्री सामना ऐन रंगात असताना पडदा काळा झाला. विकणाऱ्याचा फोन बंद. वर्षाचे पैसे बुडाले, समोर बसलेली पोरे आपले २० रुपये परत मागू लागली आणि नाव आमच्या दुकानाचे निघाले. ज्या मालाला बिल नाही, त्या मालाची तक्रारही करता येत नाही, हा धंद्यातला पहिला धडा चिरंजीवांनी रोख पैसे मोजून घेतला.

त्याच सुमारास आमचा भाचा दोह्याहून सुटीवर आला. तेथे तो रीतसर पैसे भरून बीइन कंपनीच्या अ‍ॅपवर सामने पाहतो. येथे तेच अ‍ॅप उघडले तर ही सेवा या देशात उपलब्ध नाही असे उत्तर आले. तो म्हणाला, "मामू, पैसे भरूनही चोर ठरलो की काय?" चोर नव्हे; पण त्याने घेतलेला माल दुसऱ्या इलाख्याचा होता.

हे समजायला कापडवाल्याला वेळ लागू नये. गिरणी आपल्या मालाची एजन्सी इलाख्यावार देते. विदर्भाचा एजंट वेगळा, मराठवाड्याचा वेगळा. एकाने दुसऱ्याच्या हद्दीत माल उतरवला तर तक्रार होते. युरोपच्या फुटबॉल संस्थाही आपल्या सामन्यांचे हक्क असेच देशवार विकतात. म्हणून परदेशातला सामना कायदेशीर पाहायचा मार्ग परदेशात शोधायचा नसतो. आपल्या इलाख्याचा परवानाधारक कोण, हे आधी पाहायचे असते.

२०२५-२६ च्या हंगामात भारतापुरता हिशेब असा : इंग्लंडची प्रीमियर लीग स्टार स्पोर्ट्स वाहिन्या व जिओहॉटस्टार यांच्याकडे, युरोपातील अव्वल क्लबांची चॅम्पियन्स लीग सोनीच्या वाहिन्या व सोनी लिव्हकडे, स्पेनची ला लिगा फॅनकोडकडे. शिवाय मोठे क्लब आणि लीग सामन्याचे ठळक भाग आपल्या अधिकृत यूट्यूब खात्यावर फुकट देतात. कधी कधी अख्खी स्पर्धाच फुकट मिळते. २०२५ च्या जून-जुलैमधील क्लब विश्वचषक डॅझन या सेवेने जगभर मोफत दाखवला होता.

येथे एक गंमतही सांगितली पाहिजे. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत तेथील फुटबॉलचे सामने टीव्हीवर थेट दाखवत नाहीत. मैदानावरची तिकिटे खपावीत म्हणून १९६० च्या दशकापासून हा रिवाज चालत आला. त्यामुळे शनिवारचा ३ वाजताचा सामना लंडनच्या माणसाला घरी बसून रीतसर पाहता येत नाही. दिग्रसच्या माणसाला मात्र तो ऋतुमानाप्रमाणे साडेसात किंवा साडेआठ वाजता पैसे भरून पाहता येतो. आपला इलाखा सर्वच बाबतीत तोट्यात आहे असे नव्हे.

ग्राहकाची एक शिकायत मात्र रास्त आहे. एजंट सारखे बदलतात. ला लिगाचेच पाहा. २०१८ ते २०२१ ती फेसबुकवर फुकट होती. २०२१ मध्ये हक्क व्हायाकॉम१८ कडे गेले, २०२४ मध्ये जीएक्सआर वर्ल्डकडे, २०२५ मध्ये फॅनकोडकडे. सात-आठ वर्षांत चार दुकाने! शौकीन मुलाला तीन लीग पाहायच्या तर तीन ठिकाणी वर्गणी. अटी बहुधा इंग्रजीत. उर्दू किंवा मराठी शाळेत शिकलेल्या माणसाने त्या वाचायच्या कशा? डबेवाल्याचा धंदा चालतो तो या गोंधळावर. तो सगळे एका ठिकाणी, आपल्या भाषेत, रोखीने देतो. चोराचे दुकान ग्राहकाला सोपे आणि सावकाराचे अवघड असेल, तर सावकारानेही आपली मांडणी तपासली पाहिजे.

भाच्याने दुसरा उपाय सुचवला, व्हीपीएनचा. म्हणजे फोन दिग्रसला, पण दाखवायचा दोह्यात. व्हीपीएन वापरणे हा आपल्याकडे स्वतःहून गुन्हा नाही. २८ एप्रिल २०२२ च्या सरकारी आदेशाने अशा कंपन्यांना ग्राहकांची नोंद ५ वर्षे ठेवण्यास मात्र सांगितले आहे. पण त्या आडून दुसऱ्या देशाची सेवा पाहणे हा सेवा देणाऱ्याशी केलेल्या कराराचा भंग होतो. खाते बंद झाले तर दाद कोणाकडे मागणार? युरोपीय संघात १ एप्रिल २०१८ पासून ग्राहकाला प्रवासात आपली घरची वर्गणी दुसऱ्या सदस्य देशात वापरता येते. भारत आणि आखात यांच्यात अशी सोय नाही. आमच्या लाखो मुलांची ये-जा त्या वाटेवर आहे. ही मागणी करण्याजोगी आहे.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, २० रुपयांचा. यवतमाळच्या एका वकील मित्रांना आम्ही विचारले. त्यांनी १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ३७ काढून दाखवले. परवान्याशिवाय प्रसारण लोकांना पैसे घेऊन दाखवणे हा त्या हक्काचा भंग आहे. कलम ६३ प्रमाणे जाणूनबुजून केलेल्या भंगास ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. फुकट दाखवले म्हणूनही सर्व सुटते असे नाही. अ‍ॅपची वर्गणी खाजगी वापरापुरती असते. आमचा लठ्ठ्याचा पडदाही त्या अटीत बसत नव्हता, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

याच प्रश्नावर इंग्लंडच्या पोर्ट्समथ शहरातील कॅरन मर्फी नावाच्या बाई न्यायालयात लढल्या. आपल्या दारूगुत्त्यात प्रीमियर लीग दाखवायला त्यांनी स्वस्त पडणारे ग्रीसचे डिकोडर कार्ड आणले होते. दंड झाला. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेले. ४ ऑक्टोबर २०११ रोजी निकाल लागला, की एका सदस्य देशाचे कार्ड दुसऱ्यात वापरण्यावर सरसकट बंदी घालता येणार नाही. पण लीगचे संगीत, चित्रे, ठळक भागांच्या फिती गिऱ्हाइकांपुढे दाखवायला परवानगी लागेल. २०१२ मध्ये बाईंची शिक्षा रद्द झाली. लक्षात घ्या, त्यांचे कार्ड पैसे मोजून घेतलेले खरे कार्ड होते, आमच्या चिरंजीवांच्या डब्यासारखा चोरीचा माल नव्हता. आणि तो निकाल तेथील सामाईक बाजारपेठेपुरता आहे. त्याचा आधार येथे घेता येणार नाही.

आम्ही काय केले तेही सांगतो. डबा काढून टाकला. पोरांचे २० रुपये परत केले. केबलवाल्याकडून घरगुती नव्हे, व्यापारी जोडणी घेतली. ती महाग आहे. सामन्याचे पैसे घेणे बंद, चहाचे चहापुरते. गल्ला निम्म्यावर आला, चिरंजीव काही दिवस आमच्याशी बोलले नाहीत. एका अ‍ॅप कंपनीला छोट्या हॉटेलसाठी परवाना मिळेल का असे लिहून विचारले. उत्तर आले नाही.

आमचे म्हणणे एवढेच. मोठ्या शहरांतील हॉटेलांशी या कंपन्या बोलतात, तसे तालुक्याच्या चहावाल्याशीही बोलावे. एका रात्रीचा, चाळीस खुर्च्यांचा छोटा परवाना काढावा, अटी मराठी व उर्दूत द्याव्यात. साबणाची एक रुपयाची पुडी खेड्यात पोचवता येते, तर हेही जमेल. आणि आमच्या व्यापारी बांधवांनी व तरुणांनी तोवर सबुरी धरावी. घरी पाहायचे तर वर्गणी भरावी, दुकानात दाखवायचे तर व्यापारी जोडणी घ्यावी, बिनबिलाच्या डब्याला हात लावू नये. एका हंगामात कमावलेले २०-२० रुपये संपून जातील. बाजारातले नाव मात्र पुढच्या पिढीला द्यायचे असते.