दप्तर काट्यावर ठेवलंय कधी?

२०१६ मध्ये चंद्रपुरात सातवीतल्या दोन मुलांनी चक्क पत्रकार परिषद घेतली. विषय होता दप्तराचं ओझं! आज ती मुलं साधारण तुमच्याच वयाची असतील. ओझ्याचं काय झालं?

नियम सांगतो, दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्केच हवं. म्हणजे ३० किलोच्या मुलाला ३ किलो. सरकारनं २०२३ मध्ये पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पानं जोडली आणि २०२५ मध्ये तो निर्णय रद्द केला. वही पुन्हा दप्तरात!

निर्णय येतील-जातील, पाठ मात्र रोज वाकतेय. म्हणून आज रात्री धाकट्या भावंडाचं दप्तर काट्यावर ठेवा. उद्याच्या वेळापत्रकात नसलेलं बाहेर काढा, जड पुस्तकं पाठीलगत ठेवा, पट्टे दोन्ही खांद्यांवर नीट बसवा. आणि हो, स्वतःची लॅपटॉपची सॅक एकाच खांद्यावर लटकवून उपदेश करू नका. ती बघतात!