सायकलस्वार गाडीखाली आला, की गाडी त्याच्या अंगावर गेली?

“सायकलस्वार ट्रकखाली आला.” अशी बातमी आपण कितीदा तरी वाचली असेल. वाक्य साधे आहे. परंतु क्षणभर थांबून पाहिले तर त्यात कर्ता सायकलस्वार आहे. जणू ट्रक एका जागी उभा होता आणि हा मनुष्य आपण होऊन चाकाखाली शिरला! पुढच्या ओळीत बहुधा “त्याने हेल्मेट घातले नव्हते” असेही असते. ट्रकचा वेग काय होता, रस्ता किती अरुंद होता, चालकाचे लक्ष कोठे होते, याला बातमीत जागा उरत नाही. पंचनामा होण्यापूर्वी व्याकरणानेच निकाल दिलेला असतो.

हा विषय आज काढण्याचे कारण कॅनडा. आपल्या बेटावरील घराघरांतून मुले-मुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी टोरांटोला आणि माँट्रियलला जातात. नवा विद्यार्थी लगेच मोटार घेत नाही, सायकल घेतो. कोणी तिच्यावरून वर्गाला जातो, तर कोणी लोकांच्या दारी जेवण पोचवून फीचे पैसे जमवितो. तेव्हा त्या देशात मोटार व सायकल यांची टक्कर झाली की दोष कोणाच्या माथी मारला जातो, हा प्रश्न आपल्याला परका नाही. टोरांटोच्या एकाच रस्त्यावर, ब्लूर स्ट्रीटवर, पंधरा वर्षांत जे घडले त्यावरून तो चांगला समजतो.

३१ ऑगस्ट २००९ च्या रात्री या ब्लूर रस्त्यावर सायकलवरून टपाल पोचविणारा एक ३३ वर्षांचा तरुण मरण पावला. मोटार चालवीत होते मायकेल ब्रायंट, ऑन्टारियो प्रांताचे माजी महान्यायवादी. दोघांत रस्त्यावर वाद झाला, तरुण मोटारीला धरून राहिला, मोटार पुढे गेली आणि तो पडला. ब्रायंट यांच्यावर निष्काळजीपणाने व धोकादायक रीतीने वाहन चालवून मृत्यूस कारण झाल्याचे आरोप ठेवण्यात आले. पक्षपाताची शंका नको म्हणून व्हँकूव्हरहून विशेष अभियोक्ता नेमला गेला. मे २०१० मध्ये त्याने आरोप मागे घेतले. त्या तरुणाचे वर्तन आक्रमक होते, चालक भयभीत झाला होता आणि दोष सिद्ध होण्याची वाजवी शक्यता नाही, असे त्याने न्यायालयात कारणांसह सांगितले.

या निर्णयावर टोरांटोत दोन तट पडले. कोणी म्हणाले, बळी तो कान पिळी. कोणी म्हणाले, कायद्याने पुरावा पाहिला, माणसाचे पद पाहिले नाही. आम्हांस येथे निराळी गोष्ट सांगावयाची आहे. फौजदारी न्यायालयाला एकच प्रश्न विचारता येतो: या मनुष्याने गुन्हा केला, हे निःसंशय सिद्ध होते काय? तो प्रश्न योग्यच आहे, कारण त्यावर एखाद्याचे स्वातंत्र्य अवलंबून असते. परंतु त्याचे उत्तर “नाही” आले की लोक समजतात, बाकी सगळ्या प्रश्नांची उत्तरे मिळाली. वस्तुतः ती मिळालेली नसतात.

बाकीचे प्रश्न दोन वर्षांनी दुसऱ्याच दालनात विचारले गेले. ऑन्टारियोच्या मुख्य मृत्युअन्वेषकाने २००६ ते २०१० या पाच वर्षांतील सायकलस्वारांच्या १२९ मृत्यूंचा अभ्यास करून २०१२ मध्ये अहवाल दिला. त्याचा निष्कर्ष असा की, यातील प्रत्येक मृत्यू टाळता आला असता. अहवालाने सायकलस्वारांच्या चुका झाकल्या नाहीत. मृतांपैकी हेल्मेट घातलेले सुमारे एक चतुर्थांशच होते, हेही त्याने नोंदविले. परंतु तो तेथे थांबला नाही. रस्ते सर्वांसाठी बांधा, मोटारीने सायकलला ओलांडताना एक मीटर अंतर ठेवावे असा नियम करा, जड ट्रकांच्या बाजूंना आडवे संरक्षक कठडे बसवा, म्हणजे पडलेला मनुष्य मागच्या चाकाखाली ओढला जाणार नाही, अशा शिफारशी त्याने केल्या. एक मीटरचा नियम ऑन्टारियोत १ सप्टेंबर २०१५ पासून लागू झाला. न पाहता मोटारीचे दार उघडून सायकलस्वाराला पाडणाऱ्याचा दंड वाढला आणि रात्री दिवा न लावणाऱ्या सायकलस्वाराचाही वाढला.

नुकसानभरपाईचा प्रश्न तिसरा. येथे कॅनडातील दोन शेजारी प्रांत दोन वाटांनी गेले आहेत, आणि दोन्ही वाटा आपल्या मुलांना ठाऊक असाव्यात. ऑन्टारियोच्या वाहतूक कायद्याचे १९३ वे कलम म्हणते की, मोटारीमुळे रस्त्यावर पादचाऱ्याला किंवा सायकलस्वाराला इजा झाली, तर आपली हयगय नव्हती हे सिद्ध करण्याचा भार मोटारीच्या मालकावर व चालकावर आहे. (दोन मोटारींच्या टकरीला हे कलम लागत नाही.) सामान्यतः दावा आणणाऱ्यानेच पुरावा द्यावयाचा असतो, येथे कायद्याने तो नियम उलटा केला. कारण उघड आहे. पोलाद ज्याच्या भोवती असते तो बहुधा जबानी द्यायला जिवंत असतो. दुसरा रुग्णालयात बेशुद्ध असतो, किंवा नसतोच.

क्वेबेकने याहून वेगळे केले. १ मार्च १९७८ पासून तेथे मोटारीमुळे शरीराला इजा झालेल्या प्रत्येक रहिवाशाला, दोष कोणाचाही असो, सरकारी विमा योजनेतून भरपाई मिळते. जखमी विद्यार्थ्याला उपचारासाठी वर्षानुवर्षे वकिलांच्या मागे हिंडावे लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. मात्र त्या इजेबद्दल चालकावर दिवाणी दावा लावता येत नाही, त्यामुळे टक्कर कशी झाली याची उघड उलटतपासणी अशा दाव्यातून होत नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये माँट्रियलच्या माँ-रोयाल टेकडीवर एका मोटारीने मनाई असलेल्या जागी वळण घेतले आणि उतारावरून येणारा १८ वर्षांचा सायकलपटू तिच्यावर आदळून मरण पावला. चालकावर फौजदारी खटला झाला नाही. परंतु नगरपालिकेने २०१८ मध्ये काही महिने त्या रस्त्यावरून मोटारींची आरपार वाहतूक बंद करून पाहिली. एका माणसाला दोषी ठरविणे जेथे जमले नाही, तेथे निदान रस्त्याला प्रश्न विचारला गेला.

आता पुन्हा ब्लूरकडे वळू. २०१६ मध्ये या रस्त्याच्या काही भागावर प्रायोगिक सायकलमार्ग आखण्यात आले आणि पुढच्या वर्षी ते कायम झाले. जुलै २०२४ मध्ये तेथेच एक तरुणी सायकलवरून चालली होती. सायकलमार्गात बांधकामाच्या कचऱ्याची पेटी ठेवलेली होती. ती चुकविण्यासाठी तरुणी मोटारींच्या मार्गात आली आणि मालट्रकची धडक बसून मरण पावली. दोष कोणाचा? ती मार्ग सोडून बाहेर आली, हे खरे. ट्रकने धडक दिली, हेही खरे. परंतु जी वाट तिच्यासाठी राखली होती ती दुसऱ्याच कोणीतरी अडविली होती, आणि तो टकरीच्या वेळी तेथे हजरही नव्हता.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ऑन्टारियो सरकारने वाहतुकीची कोंडी हटविण्याच्या नावाने कायदा करून ब्लूर, यंग व युनिव्हर्सिटी या रस्त्यांवरील सायकलमार्ग उखडण्याचे ठरविले. सायकलस्वारांची संस्था न्यायालयात गेली. ३० जुलै २०२५ रोजी न्यायमूर्ती पॉल शाबास यांनी निकाल दिला की, हे मार्ग काढल्याने अधिक लोक जखमी होतील व मरतील असा पुरावा आहे. काढल्याने कोंडी कमी होईल असा पुरावा मात्र नाही. म्हणून ही कृती कॅनडाच्या सनदेतील जीविताच्या व सुरक्षिततेच्या हक्काचा भंग करते. सायकलमार्ग मागण्याचा प्रत्येकाला हक्क आहे, असे त्यांनी म्हटले नाही. कारण नसताना जाणूनबुजून लोकांचा धोका वाढविता येणार नाही, एवढेच म्हटले. सरकारने या निकालाविरुद्ध अपील करण्याचे जाहीर केले.

अपिलांचे पर्यवसान काहीही होवो, या निकालाने एक मोठी गोष्ट केली. आजवर दोषाची वाटणी दोघांतच होत असे, चालक आणि सायकलस्वार. आता तिसरा मनुष्य पुढे आणला गेला. तो म्हणजे रस्ता आखणारा. तो कधी जखमी होत नाही, त्याला दंडाची पावती मिळत नाही आणि बातमीच्या वाक्यात तो कर्ताही नसतो आणि कर्मही नसतो. परंतु चालकाच्या क्षणभराच्या चुकीने सायकलस्वाराला खरचटावे की त्याचा जीव जावा, हे पुष्कळदा त्याने आधीच ठरविलेले असते.

याचा अर्थ सायकलस्वाराने वाटेल तसे जावे असा नव्हे. परदेशी निघालेल्या मुलांना आईबापांनी चार गोष्टी अवश्य सांगाव्यात. आपण डाव्या बाजूने चालतो, कॅनडा उजव्या बाजूने. पहिले काही महिने आपली मान सवयीने चुकीच्या बाजूला वळते. टोरांटोत लाल दिव्यावरही मोटारीला थांबून उजवीकडे वळता येते, तर माँट्रियलच्या बेटावर त्याला मनाई आहे. म्हणून वळणाऱ्या ट्रकच्या उजव्या बाजूस कधीही उभे राहू नये. दिवा लावावा, हेल्मेट घालावे. परंतु ही सावधगिरी आपला जीव वाचविण्यासाठी आहे. दुसऱ्याची जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेण्यासाठी नव्हे.

आणि आपल्या बेटाचे काय? उसाच्या शेतांमधून जाणारे, कडेला पाऊलभरही जागा नसलेले रस्ते आपल्या परिचयाचे आहेत. आपले आजे-पणजे त्यांच्या कडेने पायी गेले, पुढे सायकलवरून कामाला गेले. आज त्याच रस्त्यांवर आपण मोटारीत बसून हॉर्न वाजवितो. यापुढे कोणी “सायकलवाला गाडीखाली आला” असे सांगितले, तर आपण मान हलवून “बिचारा!” म्हणून थांबू नये. गाडी कोण चालवीत होता, आणि त्या सायकलवाल्याने चालावे कोठून अशी जागा रस्त्यात कोणी ठेवली होती काय, हे दोन प्रश्न विचारावेत. उत्तर ताबडतोब मिळणार नाही. परंतु जो बोलू शकत नाही त्याच्या वतीने कोणीतरी विचारले, एवढे तरी होईल.